डिजिटल प्रत आधी कशाची: सुपर ८ चं रीळ की व्हीएचएस कॅसेट?

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज घरच्या सुपर ८ रिळावर, म्हणजे ८ मिमी रुंदीच्या घरगुती फिल्मवर असतील, तर ते जपाच. ५० फुटांचं रीळ सेकंदाला १८ फ्रेमने जेमतेम ३ मिनिटं २० सेकंद चालतं. पण प्रोजेक्टर नसला तरी उजेडासमोर धरून भिंगातून माणसं ओळखू येतात. कॅसेटवर तासन्‌तास मावतात, मात्र व्हीसीआरशिवाय, म्हणजे ती लावायच्या यंत्राशिवाय, ती निरुपयोगी. म्हणून डिजिटल प्रत आधी कॅसेटची.

रिळाला व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर मात्र पहिला नंबर त्याचा. फिल्मचं ॲसिटेट प्लास्टिक कुजून आक्रसतं, प्रोजेक्टरच्या दात्यांत फाटतं. ते वेगळं ठेवा, थेट स्कॅनिंगला द्या. सोलापूरच्या चाळिशीपार उन्हाळ्यात दोन्ही माळ्यावर नकोतच. तळमजल्यावरचं कोरडं कपाट बरं. स्कॅननंतरही मूळ रीळ टाकू नका, चांगल्या स्कॅनरवर त्यातून पुढे आणखी तपशील निघतो.