डीडीआर५ ६००० सीएल३०: वेग जाणवतो का?

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये डीडीआर५ रॅम घेताना नुसता ६००० हा वेगाचा आकडा पाहू नका, सीएलही विचारा, म्हणजे मागितलेला डेटा द्यायला रॅम किती चक्रं घेते ते. ६००० सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंदांची वाट (जितकी कमी तितकी चांगली), सीएल४० म्हणजे १३.३, आणि ४८०० सीएल४० तर १६.७.

एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरवर १०८०पी गेमिंगमध्ये हा फरक खरोखर जाणवतो, मुख्यतः गेम मध्येच अडखळणं कमी होतं. ४के खेळणाऱ्यांनी मात्र तो पैसा ग्राफिक्स कार्डात घालावा. रायझनच्या एक्स३डी प्रोसेसरची कॅशे (आतली वेगवान मेमरी) मोठी, तिथेही लाभ थोडाच.

रॅमच्या दोनच कांड्या घ्या, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅम जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग, सुरू करा. नंतर पडदा काही मिनिटं काळा राहतो. मेमरी ट्रेनिंग, म्हणजे रॅमशी जुळवून घेणं, चालू असतं, वीज तोडू नका. चार कांड्या लावल्या की वेग बहुतेक वेळा उतरवावा लागतो.