मादलेनचा धातूचा साचा: काही महिन्यांच्या वापरानंतर

मादलेन म्हणजे शिंपल्याच्या आकाराचा छोटा फ्रेंच केक. त्यासाठी आधी माझ्याकडे सिलिकॉनचा साचा होता. त्यातून केक अलगद सुटायचे, पण शिंपल्याच्या बाजूला रंगच चढायचा नाही. आता बारा खळग्यांचा नॉनस्टिक कार्बन स्टीलचा घेतलाय आणि फरक पहिल्याच घाण्यात कळला. धातू तापतो पटकन, त्यामुळे रेघा तांबूस होतात आणि कडा कुरकुरीत. मादलेनची निम्मी गंमत त्या कडेतच आहे.

साचा गडद रंगाचा असल्याने खालची बाजू लवकर करपते. म्हणून ओव्हन नेहमीपेक्षा दहा-पंधरा अंश कमी ठेवते. नॉनस्टिक असला तरी रेघारेघांत ब्रशने वितळलेलं लोणी लावायचं, मैदा भुरभुरायचा आणि साचा उलटा करून झटकायचा. तेलाचा स्प्रे मात्र नको; त्याचा चिकट थर बसतो आणि निघता निघत नाही. धुवायला मऊ स्पंज पुरतो.

माझं प्रमाण सोपं आहे: मैदा, साखर, लोणी प्रत्येकी 100 ग्रॅम, दोन अंडी, छोटा चमचा बेकिंग पावडर, एका लिंबाची किसलेली साल. लोणी मंद आचेवर ठेवते. आधी ते तडतडतं, मग आवाज बसतो, तळाशी तांबूस कण दिसतात आणि भाजलेल्या बदामासारखा वास सुटतो. तिथेच गॅस बंद. मिश्रण रात्रभर फ्रीजमध्ये. पाठीवरचा तो प्रसिद्ध फुगवटा येतो तो यामुळेच: गरम ओव्हनमध्ये पातळ कडा आधी घट्ट होतात, मधलं जाड, थंड मिश्रण मागाहून शिजतं आणि त्याला वर येण्यावाचून वाट राहत नाही.

आता आठवणींचं. मादलेन म्हटलं की फ्रेंच कादंबरीकार प्रूस्त येणारच. 1913 साली आलेल्या त्याच्या कादंबरीच्या पहिल्या खंडात चहात बुडवलेल्या मादलेनच्या घोटासरशी निवेदकाचं बालपणीचं गाव उभं राहतं. (सुरुवातीच्या खर्ड्यांत मादलेन नव्हतीच, भाजलेला पाव होता! तो तसाच राहिला असता तर या साच्यांचा खप किती झाला असता कोण जाणे.) लोक एक गोष्ट विसरतात. नुसती मादलेन पाहून त्याला काहीच आठवलं नव्हतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला तर जादू ओसरायला लागते.

माझाही अनुभव तसाच. आठवण काढायची म्हणून चहा घेऊन बसले की ढिम्म काही होत नाही. एकदा भांडी घासता घासता कोपऱ्यातला तुकडा तोंडात टाकला आणि लिंबाच्या सालीच्या त्या कडवट वासाबरोबर तापातून उठल्यावर आजीने तळहातावर ठेवलेली लिंबाची गोळी आठवली, तिच्या बोटांच्या गारव्यासकट. वासाची वाट मेंदूत भावना आणि स्मृतीच्या केंद्रांना फार जवळून जाते, म्हणून असं अवचित होतं म्हणे. पुढच्या घाण्याला पुन्हा तोच वास घेतला. काही नाही.

एक सांगते, चहात बुडवायला ताजी मादलेन वाया घालवू नका. ताजी तशीच खावी, ओव्हनमधून काढल्यावर तासाभरात. दुसऱ्या दिवशी ती कोरडी पडते, ती बुडवायला उत्तम. नॉनस्टिकचा थर अजून शाबूत आहे. फक्त दोन खळग्यांच्या कडेला सुरीचे ओरखडे आहेत. केक सोडवायला लाकडी काडी घ्या.