बुरशीच्या डीएनएचं किट: काम चोख, झाकण भिकार

बुरशीतून डीएनए काढायच्या या किटबद्दल पहिल्या महिन्यानंतरचं मत होतं, 'पैसे परत मागा'. आठ महिन्यांनी ते बदललंय, पण अर्धंच.

मूळ तक्रार ब्लँकची. नमुना न घालता सगळ्या पायऱ्यांतून काढलेल्या ट्यूबलाही आयटीएस१-आयटीएस४ या प्रायमरच्या पीसीआरमध्ये (बुरशीच्या आयटीएस या डीएनए-तुकड्याच्या प्रती काढणाऱ्या चाचणीत) ६०० बेस लांबीच्या आसपास ठसठशीत बँड, म्हणजे डीएनएची रेघ, यायचा. संशय साहजिकच रिएजंटवर गेला. एन्झाइममध्ये, डीएनए गाळून धरणाऱ्या कॉलममध्ये बुरशीचं डीएनए सापडणं हे जुनंच दुखणं. कस्टमर केअरने 'पिपेट तपासा' म्हणत हात झटकले. ब्लँकचा बँडच सिक्वेन्सिंगला दिल्यावर गोम कळली: दर बॅचला बुरशी वेगळी, आणि नेमकी शेजारच्या ट्यूबमधली. रिएजंट दूषित असतं तर दर वेळी तीच ती निघाली असती. बीड बीटर (मण्यांसकट ट्यूब जोरात हलवून बुरशी फोडणारं यंत्र) न फिरवता केलेला ब्लँक मात्र स्वच्छ. म्हणजे चोर झाकणच!

सोबतच्या २ मिलीच्या ट्यूबचं झाकण दाबून बसवायचं, आत रबरी रिंग नाही. मणी आपटून ट्यूब तापते, लायसिस बफर (पेशी फोडणारं द्रावण) फेसाळतो, दाब वाढतो आणि कडेने थेंब झिरपतो. एवढ्या महागड्या किटात वाचवलं काय, तर रिंग! ओ-रिंगवाल्या, फिरकीच्या झाकणाच्या ट्यूब वेगळ्या घ्या, किटमधले ०.५ मिमीचे मणी त्यांत ओता आणि ट्यूब दोन तृतीयांशच भरा. ३० सेकंद फिरवून १ मिनिट बर्फात, असे तीन फेरे. मग क्षणभर सेंट्रिफ्यूज करून सेफ्टी कॅबिनेटमध्येच उघडा.

झाकण सोडलं तर काढणीला नावं ठेवायला जागा नाही. बाजरीच्या दाण्याएवढी बुरशी पुरते, जास्त घातली तर कॉलम तुंबतो. अ‍ॅस्परजिलस नायजर ही बुरशी असेल तर ती काळी पडण्याआधी पांढरी असतानाच खरवडा. मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य पीसीआर अडवतं. उशीर झालाच तर डीएनए १:१० पातळ करा किंवा पीसीआरमध्ये बीएसए हे प्रथिन घाला. २६०/२३० हे शुद्धतेचं गुणोत्तर कमी आलं तर किटच्या द्रावणातलं ग्वानिडिनचं मीठ राहिलंय, वॉश पुन्हा द्या. इथेनॉल घालवायला २ मिनिटं रिकामा स्पिन हवाच.

डब्यावरच्या 'स्पीशीजपर्यंत ओळख' या दाव्यावर मात्र जाऊ नका. आयटीएस २०१२पासून बुरशीचा अधिकृत बारकोड (ओळख पटवणारा डीएनए-तुकडा) आहे, ऱ्हायझोपससारख्या म्यूकरवर्गीयांना तो चालतो. पण अ‍ॅस्परजिलसच्या फ्युमिगॅटस आणि लेंट्युलस या दोन स्पीशीज त्यावरून खात्रीने वेगळ्या काढता येत नाहीत. २००५मध्ये वर्णन झालेला लेंट्युलस व्होरिकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाला कमी दाद देतो, म्हणून हा घोळ थेट रुग्णाच्या औषधावर जातो. तिथे बीटा-ट्यूब्युलिन किंवा कॅल्मोड्युलिन या जनुकांचं सिक्वेन्सिंग करा, फ्युझेरियम या बुरशीला टीईएफ१ जनुकाचं. ब्लास्टमध्ये (सिक्वेन्स डेटाबेसशी जुळवणाऱ्या शोधसाधनात) सगळ्यात वरचं नाव उचलू नका, टाइप स्ट्रेनशी, म्हणजे त्या स्पीशीजच्या अधिकृत मूळ नमुन्याशी, जुळतंय का बघा. चुकीच्या नावाच्या नोंदी तिथे भरपूर आहेत.

आधी एक तारा होता, आता साडेतीन. पुढची ऑर्डर देताना ट्यूब नकोत म्हणून सांगितलं. कंपनीवाले म्हणाले, किंमत तीच राहील.