निबंध तपासून देतो म्हणून ३,९९९ रुपये घेतले आणि एकही निबंध वाचला नाही

मी टीवायबीएला आहे, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, निबंधाचा पेपर २५० मार्कांचा आला आणि तेव्हापासून इकडे निबंधाचे क्लास, टेस्ट सिरीज, मेंटॉरशिप यांचं पेवच फुटलंय. सगळेच फसवे आहेत असं मी म्हणत नाही, पण माझ्यासोबत जे झालं ते नवीन मुलामुलींना कळायलाच हवं.

मला निबंध जमत नव्हता हे खरं. बारावीपर्यंत गाईडमधले निबंध पाठ करून मार्क मिळायचे आणि आता हजार-बाराशे शब्द स्वतःचे लिहायचे म्हटलं की पहिल्या पानातच विषय संपायचा. तेव्हा टेलिग्रामवर एक जाहिरात दिसली, २० निबंध, प्रत्येकाची वैयक्तिक तपासणी, फी ३,९९९ आणि आज रात्री १२ पर्यंतच. चॅनेलवर निवड झालेल्यांचे फोटो होते, समोरचा माणूस फोनवर इतकं गोड बोलला, ताई ताई करत, की मी दोन महिने मेसचा एक वेळचा डबा बंद करून साठवलेले पैसे यूपीआयने पाठवले. खातं कुणाच्यातरी वैयक्तिक नावावर होतं, पावती मागितली तर म्हणे उद्या देतो.

पहिला निबंध तपासून आला, १२५ पैकी ६२. शेरा होता, ‘प्रस्तावना आकर्षक करा, उदाहरणे वाढवा, निष्कर्ष सकारात्मक ठेवा’. मला वाटलं बरोबर आहे. दुसऱ्यालाही तेच शब्द, मार्क ६४. मग रूममेटने तिची कॉपी दाखवली, तिचा विषय स्त्री-शिक्षण, माझा हवामान बदल, आणि शेरा अगदी अक्षरशः एकच!

पोटात गोळाच आला. खात्री करायची म्हणून तिसऱ्या निबंधात, यूपीएससीला २०२२ मध्ये आलेला बंदरातल्या जहाजाचा विषय होता, त्यात मधल्या पानावर मी आईची शेंगदाण्याची चटणी कशी करतात ते लिहिलं, दाणे मंद आचेवर भाजा, लसूण सालासकट खलबत्त्यात घ्या, असा पूर्ण परिच्छेद. दोन दिवसांनी कॉपी आली, ६५ मार्क, त्या पानाच्या कडेला लाल बरोबरची खूण आणि ‘मांडणी मुद्देसूद’. मी रात्रभर रडले. पैसे गेले ते होतंच, पण आपण तीन-तीन तास मान मोडून लिहिलेलं कुणी बघितलंसुद्धा नाही हे जास्त लागलं.

पैसे परत मागितले तर आधी ‘टीमशी बोलतो’, मग ग्रुपमधून काढलं, मग नंबर ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन केला, सायबर क्राईमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, पण महिना उलटून गेला होता, पैसे अजून आले नाहीत. हा फोन लगेच करायचा असतो कारण पैसे खात्यात असतील तरच अडवता येतात, मला हे माहीत नव्हतं.

नंतर कॉलेजातल्या मराठीच्या सरांकडे गेले. सरांनी पेन्सिल घेऊन माझं पहिलंच वाक्य खोडलं, ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’, आणि विचारलं, तुझ्या गावाला पाणी किती दिवसांनी येतं? म्हटलं उन्हाळ्यात आठ दिवसांनी. म्हणाले मग इथून सुरू कर. तोच निबंध त्यांनी चार वेळा लिहायला लावला, दर वेळी मोठ्याने वाचायला लावला आणि जिथे वाचताना माझी जीभ अडखळली तिथे रेघ मारली, शेवटी तिथलीच वाक्यं खोटी निघाली. एक रुपया घेतला नाही. आता आम्ही चौघी अभ्यासिकेत रविवारी एकमेकींच्या कॉपी तपासतो, विषय यूपीएससीच्या वेबसाईटवरच्या जुन्या पेपरमधून फुकट मिळतात.

कुणाला पैसे भरायचेच असतील तर आधी एक निबंध तपासून मागा आणि शेऱ्यात तुमच्याच निबंधातलं एखादं वाक्य आहे का बघा. आणि असा एकच शेरा ज्यांना ज्यांना आलाय त्यांनी कॉपीचे फोटो आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा, चॅट डिलीट करू नका, आणि तक्रार टाकाच, मी टाकलीये, तुम्हीही टाका.