शब्दकोश अ‍ॅपची परीक्षा: एकच शब्द, ‘पुशी’

इंग्रजी-मराठी शब्दकोश अ‍ॅप निवडताना ‘पुशी’ (pushy) हे इंग्रजी विशेषण टाकून बघा. नुसतं ‘महत्त्वाकांक्षी’ लिहून मोकळं होणारं अ‍ॅप तिथेच बाद. तो अर्थ ‘अ‍ॅम्बिशस’चा, आणि त्यात कौतुकही असू शकतं. ‘पुशी’त नापसंती असते: हवं ते मिळवायला लोकांच्या मागे हात धुऊन लागणारा. पुशी सेल्समन, पुशी पेरेंट्स. ‘आगाऊ’ हा प्रतिशब्द जवळ जातो, पण त्यात उद्धटपणा जास्त, रेटा कमी. ‘आपलंच घोडं पुढे दामटणारा’ हे जास्त चपखल.

नोंदीत ‘नापसंतीदर्शक’ ही खूण हवीच. ती नसली की माणूस बायोडेटात स्वतःलाच ‘पुशी’ म्हणवून घेतो! तिथे ‘ड्रिव्हन’ (ध्येयाने झपाटलेला) किंवा ‘गो-गेटिंग’ (धडाडीचा) चालतं. ‘असर्टिव्ह’ पुन्हा वेगळा. तो आपलं म्हणणं ठामपणे मांडतो, लादत नाही. हा फरक वाक्यांतून दाखवणाऱ्या अ‍ॅपला पूर्ण गुण द्यावेत.

‘पुशियर’, ‘पुशिएस्ट’ ही रूपं आणि ‘पुशीनेस’ हे नाम दिलं असेल तर दुधात साखर. उच्चाराचं बटणही दाबा: स्वर ऱ्हस्व ‘उ’चा, इंग्रजी ‘पुल’ (pull, ओढणे) मधल्यासारखा.