हणजूणची हिरवळ की पणजीतली खोली?

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मुंबई, पुणे, बेंगळुरूकडचे पॉप-पंक (वेगवान, सगळ्यांनी मिळून ओरडून म्हणायच्या गाण्यांचं रॉक) आणि इंडी रॉक वाजवणारे छोटे बँड गोव्यात येतात, तेव्हा त्यांच्यापुढे बहुतेक दोनच पर्याय असतात. हणजूण, आसगाव, वागातोर पट्ट्यातली उघड्यावरची जागा: माडांखाली लाकडी स्टेज, समोर हिरवळ, कडेला जेवणाची टेबलं. नाहीतर पणजीतली बंद जागा: एखाद्या बारचा वरचा मजला किंवा जुन्या घरातली मोठी खोली, शे-सव्वाशे माणसांत गच्च भरणारी. काही बँड तर शुक्रवारी तिकडे आणि शनिवारी इकडे वाजवतात. मग डिचोली, बांदा, सावंतवाडीचे मित्र विचारतात, एकाच रात्री यायला जमतंय, कुठे येऊ? मी म्हापशाचा. मला दोन्ही जवळ, त्यामुळे अंतर बाजूला ठेवून निव्वळ ऐकण्यावरून निवड करता आली. कला अकादमीसारखं प्रेक्षागृह मी यात धरलेलं नाही. तिथे नाटक बघावं, गाणं ऐकावं. पॉप-पंक खुर्चीत बसून ऐकायची गोष्ट नव्हे.

किनाऱ्याकडची बाजू आधी सांगतो, कारण ती खरोखर चांगली आहे. संध्याकाळी वारा सुटलेला असतो, उभं राहायला ऐसपैस जागा असते. सोबतच्या कुणाला आवाज सोसत नसेल तर तो मागे जाऊन निवांत जेवू शकतो. संथ, तरंगत्या गिटारचं इंडी रॉक तिथे फार खुलतं. पहिला बँड उजेड असतानाच सुरू झाला तर मला अजूनही तीच जागा आवडते. ध्वनी मात्र पातळ होतो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, परत पाठवायला भिंती नसतात. स्टेजपासून दहा पावलांवर बेस पोटात जाणवतो. बारपाशी गेलात की नुसतं ड्रमचं टपटप ऐकू येतं आणि शेजारच्या टेबलावरचं बोलणं त्याहून स्पष्ट. निम्मी टेबलं जेवायलाच आलेली असतात. त्यांना दोष नाही, पण बँडला ते जाणवतं.

एवढं सगळं मी चालवून घेतलं असतं. माझं मत फिरलं ते रात्री दहाच्या नियमामुळे.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण असल्या छोट्या शोच्या वाट्याला ती कुठून येणार? निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५. त्या पट्ट्यातल्या गावकऱ्यांनी यासाठी उच्च न्यायालयापर्यंत लढा दिला आहे आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे. घरात म्हातारी माणसं आहेत, दहावीची पोरं आहेत. नियम असावाच. प्रश्न त्या वेळेच्या आत शो बसवण्याचा आहे, आणि तो बसत नाही. गेट सातला उघडतं, माणसं साडेआठला येतात, ओपनिंग बँड लांबतो. ज्याच्यासाठी तिकीट काढलं तो बँड स्टेजवर चढेपर्यंत सव्वानऊ झालेले असतात.

पुढे काय होतं ते मी एका ठिकाणी साउंडवाल्याच्या मिक्सरला अगदी खेटून पाहिलं. पावणेदहाच्या सुमारास मॅनेजर मोबाइलवर डेसिबलचं ॲप उघडून साउंडवाल्याशेजारी येऊन उभा राहिला. साउंडवाल्याने मास्टर फेडर, म्हणजे स्पीकरचा एकूण आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, एक बोट खाली घेतला, पुढच्या गाण्याला आणखी एक बोट. पण ड्रम किट काही फेडरने कमी होत नाही. ते माइकशिवायही तेवढंच वाजतं आणि गिटारचे ॲम्प स्टेजवर आपल्या जोरात चालूच असतात. कमी झाला तो फक्त गाणाऱ्याचा आवाज. त्याचे ओठ हलताना दिसत होते, शब्द पोचत नव्हते. पॉप-पंकचा जीव समोरच्यांनी धृपद ओरडून म्हणण्यात असतो. कॉर्ड मोजके, गाणं जेमतेम तीन मिनिटांचं, वेग कित्येकदा मिनिटाला १६० ठोक्यांच्या वर. त्यातून शब्द काढून घेतले तर हाती नुसता गोंगाट राहतो. त्या रात्री बरोबर दहाला, दुसरं कडवं चालू असताना पीए, म्हणजे लाउडस्पीकरची यंत्रणा, बंद झाला. लोक तसेच टाळ्या वाजवत पुढे गात राहिले, बँडही थोडा वेळ गायला. ते सगळं मनापासून होतं, पण मी ज्या गाण्यासाठी गेलो होतो ते यादीत त्याच्या पुढे होतं. असं दर वेळी होईलच असं नाही. वेळ काटेकोर पाळणारे आयोजक मला भेटले आहेत. तरी साडेनऊ वाजले की माझं लक्ष स्टेजवरून घड्याळाकडे जायला लागतं, आणि एकदा तिकडे गेलं की परत येत नाही.

त्याच नियमात सभागृहासारख्या बंद जागांना, आवाज आतल्या आत राहणार असेल तर, दहानंतरही मुभा आहे. पणजीतल्या खोलीचा मुख्य फायदा मला हाच वाटतो. शो तिथेही अकराच्या आसपास आटोपतो, पण बँड स्वतःच्या हाताने शेवट करतो. दशावतार उजाडेपर्यंत बघणाऱ्या आपल्यासारख्या माणसांना हा फरक वेगळा समजावून सांगायला नको.

खोलीत सगळं हाताच्या अंतरावर असतं. जमिनीला चिकटपट्टीने लावलेली गाण्यांची यादी तुम्हालाही वाचता येते. गिटारवाल्याने पेडलवर पाय दिला की आवाज बदलायच्या आधी त्याची खट्ट ऐकू येते. साउंडचेकच्या वेळी रिकाम्या खोलीत झांजा कानाला टोचतात. माणसं भरली की अंगं आणि कपडे तो धारदारपणा शोषून घेतात आणि गाणाऱ्याचा आवाज मधोमध येऊन बसतो. धृपद आलं की तो माइक लोकांकडे वळवतो आणि त्या सव्वाशेजणांचा आवाज भिंतींवरून परत अंगावर येतो. देवळाच्या मंडपात गवयासमोर पहिल्या ओळीत बसून मैफल ऐकलेल्यांना ही जवळीक लगेच कळेल. शो संपला की बेस वाजवणाराच टेबलामागे उभा राहून टी-शर्ट विकतो. घ्यायचं असेल तर तिथेच घ्या. छोट्या बँडचा परतीचा खर्च बराचसा त्यातून निघतो.

त्रास तिथेही आहे. उकाडा प्रचंड, एसी असून नसल्यासारखा. आणि आवाज खरोखर मोठा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं सुचवलं आहे. माझ्याकडे मीटर नाही, पण ड्रमसमोर उभं राहिल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कान वाजत राहतात. आता मी वादकांसाठी मिळणारे इअरप्लग खिशात ठेवतो. औषधाच्या दुकानातल्या फोमच्या बोळ्यांनीही काम भागतं, शब्द जरा दबतात इतकंच.

पैशांत मला फारसा फरक दिसलेला नाही. पणजीत तिकिटाला थोडे जास्त जातात, किनाऱ्यावर ते खाण्यापिण्यात जातात. परतीचं आधी ठरवून ठेवा, कारण उशिरा ना कदंबची बस मिळेल, ना पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाला) मिळायची खात्री. शनिवारी मांडवीच्या काठाला कॅसिनोच्या गर्दीत पार्किंगही मिळत नाही. गाडी आत वस्तीत लावून चालत यावं.

घरची मंडळी सोबत असतील, गर्दीत जीव घुसमटत असेल किंवा बँड संथ वाजवणारा असेल, तर किनारा निवडण्यात काही वावगं नाही. पहिल्यांदाच जाणाऱ्यालाही कदाचित तो सोपा पडेल. पण गाणी पाठ असतील आणि ती ओरडून म्हणायची असतील, तर माझा कल पणजीकडे आहे. किनाऱ्यावरच जायचं ठरलं तर तिकीट काढण्याआधी आयोजकांना एक मेसेज करा: शेवटचा बँड नक्की किती वाजता चढणार? साडेआठ म्हणाले तर खुशाल जा. नऊनंतर म्हणाले तर तोच बँड पणजीत कधी आहे तेही विचारून घ्या.