क्रूझच्या सेलमध्ये पैसे वाचतात का? माझ्या वहीतले सात महिने

माझे वडील, आप्पा, इचलकरंजीजवळच्या एका साखर कारखान्यात एकतीस वर्षं वजनकाट्यावर होते. उसाची भरलेली गाडी काट्यावर येते, तिचं वजन होतं, ऊस उतरतो आणि रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते. दोन्हींतला फरक म्हणजे ऊस. रिकामी गाडी तोललीच नाही तर ऊस किती आला हे कुणालाच सांगता येत नाही. २०२४ च्या ब्लॅक फ्रायडेला, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर नोव्हेंबरअखेर येणाऱ्या अमेरिकेतल्या मोठ्या सेलच्या शुक्रवारी, मी आप्पांना व्हॉट्सॅपवर क्रूझच्या जाहिरातीचा फोटो पाठवला. २,१९६ डॉलरवर आडवी रेघ आणि खाली ठळक अक्षरात १,४२६. त्यांचा लगेच फोन आला. "अगं, ही रेघ मारलेली किंमत कुणी तोलली? तू बघितलीस का कधी?"

मी बघितली नव्हती. ऑगस्टपासून दर आठ-दहा दिवसांनी मी त्याच बोटीची, त्याच तारखेची, त्याच प्रकारच्या खोलीची किंमत वहीत लिहीत होते. २,१९६ हा आकडा त्या वहीत एकदाही आला नाही.

आम्ही अटलांटाच्या उत्तरेला राहतो. आई-आप्पा फेब्रुवारीत येणार होते आणि आईला समुद्रावर राहायचं होतं. तिने समुद्र पाहिला तो गणपतीपुळ्याचा, तोही दुपारी दोन तास. म्हणून फ्लोरिडातल्या पोर्ट कॅनाव्हरलहून निघणारी, बहामाला जाऊन येणारी चार रात्रींची क्रूझ निवडली. सोमवार ३ मार्च २०२५ ला निघायचं, शुक्रवारी परत. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. या धंद्यातल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांची सेलची पद्धत थोड्याफार फरकाने हीच आहे आणि एकीवरच बोट ठेवणं मला योग्य वाटत नाही.

हे आई-आप्पांच्या बाल्कनीवाल्या खोलीचे आकडे. दोघांचे मिळून, कर आणि बंदराची फी धरून, टिप सोडून, आणि डिपॉझिट परत न मिळणाऱ्या स्वस्त दराचे. १८ ऑगस्टला १,३५६. लेबर डेच्या सेलमध्ये, २ सप्टेंबरला, १,३३८. १५ सप्टेंबरला, कुठलाही सण नसताना, १,३१२. ऑक्टोबरच्या मध्याला १,३९०. १९ नोव्हेंबरला १,५१८. आणि २९ नोव्हेंबरला, वर्षातली सर्वांत मोठी सूट म्हणून, १,४२६.

म्हणजे दहा दिवस आधी पाहणाऱ्याला ९२ डॉलर खरोखरच कमी झालेले दिसले असते. ते खोटं नाही. पण सप्टेंबरातल्या त्या साध्या रविवारच्या मानाने वर्षातली सर्वांत मोठी सूट ११४ डॉलरने महाग पडत होती. आणि या सगळ्या दिवसांत एकही दिवस असा नव्हता की पानावर कुठला ना कुठला सेल चालू नव्हता. खाली घड्याळ उलटं पळायचं, "आज मध्यरात्री संपणार". मी दोनदा मुद्दाम जागी राहिले. सकाळी सेलचं नाव बदललेलं, रंग बदललेला, किंमत तीच. मला याचा राग आला आणि अजूनही येतो, कारण त्या घड्याळाकडे बघून घाईघाईने कार्ड काढणारी माणसं माझ्याच ओळखीतली आहेत.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनची, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेची, मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की "आधीची किंमत" म्हणून दाखवलेला आकडा खरोखर पुरेसे दिवस मागितलेला असावा, नुसता सूट मोठी दिसावी म्हणून उभा केलेला नसावा. पण क्रूझचा दर रोज हलतो, खोलीगणिक हलतो, आणि आधीची किंमत नेमकी कुठल्या दिवसाची हे ग्राहकाला कळायला जागाच नाही. एक सुधारणा मात्र मनापासून सांगण्यासारखी आहे. १ जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियात नवा कायदा लागू झाला आणि जाहिरातीतच सगळ्या सक्तीच्या फी धरलेली किंमत दाखवणं भाग पडलं, सरकारी कर तेवढे वगळता येतात. बऱ्याच मोठ्या क्रूझ कंपन्यांनी तेव्हापासून सगळ्या अमेरिकेतच कर आणि फी दोन्ही धरून किंमत दाखवायला सुरुवात केली. त्याआधी ३९९ म्हणून उघडलेलं पान शेवटी साडेपाचशेवर पोचायचं. आता निदान तो धक्का बसत नाही. टिप मात्र अजूनही बाहेरच असते. आम्हाला माणशी दिवसाला १८ डॉलर, म्हणजे एका खोलीचे चार दिवसांचे १४४.

सेलच्या शब्दांतही गोम असते. "दुसऱ्या प्रवाशाला ६० टक्के सूट" हे वाचून माझा नवरा खूश झाला होता. मी कागदावर मांडून दाखवलं. माणशी दर ५०० धरा. पहिल्याचे ५००, दुसऱ्याचे २००, एकूण ७००. आता "प्रत्येकाला ३० टक्के सूट" घ्या. ३५० अधिक ३५०, पुन्हा ७००. एकच गोष्ट दोन वेगळ्या पाट्यांवर. आणि ही सूट फक्त मूळ भाड्यावर असते, कर आणि बंदराच्या फीवर नाही.

"तिसरा आणि चौथा प्रवासी मोफत" हीही अशीच. आमच्या खोलीत आम्ही दोघं आणि चार वर्षांची मुलगी. मोफतवाल्या योजनेत तिघांचे मिळून १,६८८ होत होते. त्याच दिवशी, त्याच खोलीला, दुसऱ्या योजनेत मुलीचं ११८ डॉलर भाडं लावूनही १,६७१. कारण मोफतवाल्या योजनेत पहिल्या दोघांचं भाडंच वर सरकवलेलं होतं. मुलीचे कर आणि टिप तर दोन्हीकडे होतेच.

हा धंदा असा का चालतो हे समजलं की चीड थोडी कमी होते. बोट ठरलेल्या दिवशी निघते, रिकामी राहिलेली खोली नंतर विकता येत नाही, म्हणून प्रत्येक खोली भरायचीच असते. खोलीत दोन माणसं धरून शंभर टक्के मोजतात, त्यामुळे मुलंबाळं असलेल्या बोटी शंभराच्याही वर जातात. वर बोटीवर माणूस चढला की दारू, फोटो, सहली, कसिनो, इंटरनेट यांवर तो खर्च करतोच. म्हणून खोलीचा दर हवा तसा खाली-वर करायला कंपनीला मोकळीक मिळते. जानेवारी ते मार्च हा त्यांचा बुकिंगचा मुख्य हंगाम, त्याला त्या धंद्यात वेव्ह सीझन म्हणतात. तेव्हाही "सर्वांत मोठी सूट" असतेच. पैसे भरून झाल्यावरही मी बघत राहिले होते. आई-आप्पांच्या खोलीचा दर १४ जानेवारीला १,५८८ होता, वर बोटीवर खर्चायला ५० डॉलर मोफत.

मग पैसे वाचले कुठे?

पहिलं, तारखेत. ब्लॅक फ्रायडेच्याच दिवशी मी २७ जानेवारीला निघणाऱ्या फेरीचा दर लिहून ठेवला होता. तीच बोट, तशीच खोली, १,१०८. मार्चमध्ये कॉलेजांच्या सुट्ट्या सुरू होतात म्हणून आमची फेरी ३१८ डॉलरने महाग. कुठल्याही सेलने मला एवढा फरक दाखवला नाही. थँक्सगिव्हिंगनंतरचे दोन आठवडे, नव्या वर्षाचा पहिला आठवडा उलटल्यानंतरचा जानेवारी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे स्वस्ताचे दिवस. शेवटच्यात वादळांचा धोका असतो. अटलांटिकचा वादळी हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर मानतात आणि तेव्हा बोटीचा मार्ग ऐनवेळी बदलू शकतो. आई-आप्पा फेब्रुवारीच्या मध्यावर येणार होते म्हणून आम्हाला जानेवारी साधला नाही.

दुसरं, डिपॉझिटमध्ये. मी १५ सप्टेंबरला डिपॉझिट परत मिळणारा दर घेतला, १,४०२. स्वस्त दरापेक्षा ९० डॉलर जास्त. मैत्रिणीने मला वेड्यात काढलं. पण आप्पांच्या गुडघ्याचं काही ठरत नव्हतं, विमानाची तिकिटं व्हायची होती, आणि स्वस्त दरात तारीख बदलली तर माणशी शंभर डॉलर कापत होते. म्हाताऱ्या आईवडिलांना भारतातून बोलवून क्रूझला नेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन की ते ९० डॉलर द्या. शिवाय त्या दराचा एक मोठा फायदा आहे. शेवटचे पैसे भरायची तारीख येईपर्यंत, आमची ३ डिसेंबर होती, दर खाली आला तर फोन करून नवा दर लावून घेता येतो. म्हणजे आधी बुक करायचं आणि मग सेलची वाट बघायची. आई-आप्पांच्या खोलीच्या बाबतीत तशी वेळच आली नाही, कारण ब्लॅक फ्रायडेचा परत न मिळणारा दरसुद्धा माझ्या परत मिळणाऱ्या दरापेक्षा २४ डॉलरने जास्त होता.

आमच्या खोलीसाठी मात्र एकदा फोन केला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिघांचा दर ५८ डॉलरने उतरलेला दिसला. पंचवीस मिनिटं थांबल्यावर एक बाई फोनवर आल्या आणि चार मिनिटांत नवी पावती ईमेलने आली. त्यांनी कुरकुर केली नाही, कारणही विचारलं नाही. पण त्यांनी आपणहून कधीच कळवलं नसतं. दर उतरला हे बघणं ग्राहकाचं काम.

तिसरं, बोटीवरच्या आधी विकत घ्यायच्या गोष्टींत. इथे मला सेल खरा वाटला. इंटरनेट दिवसाला २१ डॉलर होतं, मी सप्टेंबरात १८ ला घेतलं, ब्लॅक फ्रायडेला ते १५ झालं. जुनं रद्द केलं, पैसे परत आले, नवं घेतलं. दारूचं पॅकेज माणशी दिवसाला ९५ वरून ७० वर आलं, तेही खरंच. पण त्यावर १८ टक्के टिप, आणि खोलीतल्या एका मोठ्या माणसाने घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावंच लागतं. दोघांचे चार दिवसांचे ६६१ डॉलर, खोलीच्या भाड्याच्या निम्म्याजवळ. मी पीत नाही. आम्ही ते घेतलं नाही आणि नवऱ्याने चार बिअर सुट्या घेतल्या.

चौथं, एजंटकडे. भाडं सहसा कंपनीचंच असतं, पण काही एजंट आपल्या कमिशनमधून बोटीवर खर्चायला पैसे देतात. कॉस्टकोसारख्या, क्रूझचं बुकिंगही करून देणाऱ्या मोठ्या दुकानांत सभासदांना त्याच दुकानात खरेदीला वापरायचं कार्ड मिळतं. फ्लोरिडाच्या रहिवाशांसाठी वेगळे दर असतात, साठीच्या पुढच्यांसाठीही कधी कधी. ते आपणहून विचारावे लागतात.

सेलची बाजूही सांगितली पाहिजे. माझ्या वहीत आणखी एक बोट होती, सप्टेंबर २०२५ ची सात रात्रींची, मैत्रिणीसाठी टिपत होते. तिचा दर तीन महिने जवळजवळ हलला नव्हता. ब्लॅक फ्रायडेच्या शनिवार-रविवारी तो १६० डॉलरने उतरला आणि पुढच्या बुधवारी पुन्हा होता तिथे गेला. ती सूट शंभर नंबरी खरी होती आणि मैत्रिणीने घेतली. फेरी दहा महिने लांब, शाळा सुरू असलेले दिवस, वादळांचा हंगाम, खोल्या रिकाम्या. जिथे माल पडून आहे तिथे कंपनी खरंच दर पाडते. सुट्टीच्या दिवसांच्या, भरत आलेल्या बोटीवर ती कशाला पाडेल?

क्रूझबद्दल थोडंसं. बाल्कनीचे पैसे वसूल झाले. आई पहाटे पाचला खुर्ची ओढून बसायची आणि नाश्त्याला बोलवल्याशिवाय उठायची नाही. जेवणाच्या हॉलमध्ये आदल्या रात्री सांगितलं की दुसऱ्या दिवशी वरण, भात आणि गरम पुऱ्या मिळायच्या, न चुकता. वाढणारा मुलगा वास्कोचा. आईने मराठीत "बाळ, तुझं जेवण झालं का?" विचारल्यावर तो क्षणभर ट्रे धरून तसाच उभा राहिला. नसाऊला, बहामाच्या राजधानीत, उतरून फार काही केलं नाही, ऊन कडक होतं. नाटकाच्या खुर्च्या आप्पांच्या गुडघ्याला अवघड गेल्या. बोटीवरचा डॉक्टर महाग असतो, म्हणून पाहुण्यांचा विमा समुद्रावर चालतो का हे निघण्यापूर्वी लेखी विचारून घ्या. आम्ही घेतलं होतं.

शेवटच्या रात्री आप्पांनी माझी वही मागून घेतली आणि चष्मा लावून पान न पान वाचली. मग पेन घेतलं, १५ सप्टेंबरच्या ओळीसमोर काट्यावर करायचे तशी बारीक बरोबरची खूण केली आणि बाजूला लिहिलं, "रिकामी गाडी १,३१२". आता मावशी आणि काका येणार आहेत, येत्या जानेवारीत. त्यांची बोट मी मेमध्येच टिपायला घेतली आहे, डिपॉझिट परत मिळणाऱ्या दराने बुक केली आहे, आणि परवा ४ जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, सेलमध्ये तिचा दर ३६ डॉलरने वाढलेला आहे.